विंचूदंशावर रक्तदाबाची गोळी : महाडचे संशोधन आणि मूर्तिजापूरच्या रुग्णाची गरज

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवले. सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण आणि प्रत्येक मृत्यू सरकारला कळवणे सक्तीचे करा, असे त्यात सांगितले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर झाला. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले होते.

हे सगळे चांगलेच झाले. पण त्याच शेतात, त्याच धुऱ्यावर, रात्रीच्या त्याच अंधारात विंचूही चावतो. वऱ्हाडात आपण त्याला इच्चू म्हणतो. विंचूदंश मात्र या आराखड्यात नाही. साप चावला की गाडी काढून दवाखाना गाठायचा, हे आता बहुतेकांना पटले आहे. विंचू चावला की अजूनही "रात्रभर ठणकेल, सकाळी उतरेल" असे म्हटले जाते. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. जेव्हा ठरत नाही, तेव्हा हाती थोडेच तास असतात.

त्या थोड्या तासांत उपयोगी पडणारे औषध महागडे नाही. ती रक्तदाबाची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. तिचे नाव प्राझोसिन. विंचूदंशावर तिचा उपयोग जगाला दाखवून दिला तो महाराष्ट्रातल्याच एका ग्रामीण डॉक्टर दांपत्याने. ही गोळी काय करते, संशोधन नेमके काय सांगते, ते काय सांगत नाही आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या कुटुंबाने यातून काय घ्यायचे, हे या लेखात पाहू.

विंचवाचे विष शरीरात काय करते?

आपल्याकडे विंचवांच्या अनेक जाती आहेत. मोठ्या काळ्या विंचवाला आपण इंगळी म्हणतो. ती दिसायला भीतीदायक असते, पण तिच्या दंशाने बहुधा नुसती कळ येते. जिवाला धोका असतो तो मुख्यतः लाल विंचवापासून. हा आकाराने लहान असतो आणि त्याचे चिमटे बारीक असतात.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंवर काम करते. मज्जातंतूंमध्ये सोडियमची ये-जा करणारी सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात आणि लगेच बंद होतात. विषामुळे ती वेळेवर बंद होत नाहीत आणि मज्जातंतू सारखे संदेश पाठवत राहतात. त्यामुळे अॅड्रेनॅलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही रसायने रक्तात प्रचंड प्रमाणात सुटतात. तुम्ही घाबरता तेव्हा छाती धडधडते, हात गार पडतात, घाम फुटतो. ते याच रसायनांमुळे होते. लाल विंचू चावलेल्या रुग्णात तीच स्थिती कितीतरी पटींनी जास्त आणि तासन्‌तास राहते.

ही रसायने पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतात. त्या जागांना रिसेप्टर म्हणतात. कुलूप आणि किल्लीचे नाते असते तसेच हे नाते आहे. रेमंड अल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखवून दिले की अॅड्रेनॅलिनची ही कुलपे एकाच प्रकारची नाहीत, दोन प्रकारची आहेत. त्यांना आल्फा आणि बीटा अशी नावे मिळाली. आल्फा रिसेप्टर उघडले की रक्तवाहिन्या आकसतात. बीटा रिसेप्टर उघडले की हृदय जोरात आणि वेगाने धडधडते. आज रक्तदाब, दमा, हृदयविकार आणि प्रोस्टेट यांवर दिली जाणारी कितीतरी औषधे याच शोधावर उभी आहेत.

विंचूदंशात खरा घात आल्फा रिसेप्टरमुळे होतो. अंगभर रक्तवाहिन्या आकसतात. आवळलेल्या नळीतून पाणी ढकलायला पंपाला जसा जोर लावावा लागतो, तसा हृदयाला लावावा लागतो. रक्तदाब चढतो. विष आणि अॅड्रेनॅलिन यांच्या माऱ्याने हृदयाचा स्नायू थकतो. मग रक्त मागे तुंबते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. रुग्णाला धाप लागते, खोकला येतो, तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. विंचूदंशाचे मृत्यू बहुतेक वेळा असे होतात. हृदय आणि फुफ्फुसे निकामी होऊन माणूस जातो. दंशाच्या जागची कळ त्याला मारत नाही.

महाडमध्ये काय सापडले?

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. एमबीबीएस त्यांनी आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून केले. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेले रुग्ण येत. त्यांतले काही, विशेषतः मुले, डोळ्यांसमोर दगावत. वैद्यकाच्या तेव्हाच्या पुस्तकांत यावर फारसे काही लिहिलेले नव्हते.

बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या. कोणाला उलटी झाली, घाम किती आला, हातपाय कधी गार पडले, नाडी आणि रक्तदाब किती होते, धाप कधी लागली, हे सगळे त्यांनी लिहून ठेवले. या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हृदयाला धोका होण्याआधी कोणती चिन्हे दिसतात, हे त्यात सांगितले होते. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी होऊन ते पुन्हा महाडलाच आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही या संशोधनात बरोबरीचा वाटा आहे.

रक्तवाहिन्या आकसल्यामुळे रुग्ण मरत असेल तर त्या सैल करणारे औषध द्यायला हवे, हे उघड होते. असे एक औषध होतेही, पण ते शिरेतून थेंबथेंब द्यावे लागे आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागे. शहरातल्या अतिदक्षता विभागात हे जमते, खेड्यातल्या दवाखान्यात जमत नाही. तोंडाने देता येईल असे औषध हवे होते. प्राझोसिन नेमके तसे निघाले. १९७० च्या दशकात रक्तदाबासाठी बाजारात आलेली ही गोळी आल्फा रिसेप्टरच्या कुलपात जाऊन बसते. तिथे ती असेपर्यंत अॅड्रेनॅलिनला ते कुलूप उघडता येत नाही. रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो.

प्राझोसिनचा हा अनुभव बावस्कर दांपत्याने १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. त्यांच्या लेखांतली आकडेवारी अशी : प्राझोसिनच्या आधीच्या काळात गंभीर विंचूदंशाचे २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिन वापरात आल्यानंतर हे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

हे संशोधन किती पक्के आहे?

आरोग्याच्या बातम्या वाचताना एक प्रश्न विचारायची सवय ठेवा : ही तुलना कोणाची कोणाशी आहे?

३० टक्क्यांवरून १ टक्का, ही तुलना जुन्या काळाची नव्या काळाशी आहे. त्या काळात रस्ते सुधारले, गाड्या वाढल्या, ऑक्सिजन आणि कृत्रिम श्वासाची यंत्रे आली, डॉक्टरांना लक्षणे लवकर ओळखता येऊ लागली. म्हणून सगळे श्रेय एकट्या गोळीला देता येणार नाही. तरीही गोळीचा उपयोग नाकारता येत नाही. विष शरीरात जे करते त्याच्या नेमके उलट ही गोळी करते आणि अनेक ठिकाणच्या डॉक्टरांनी तिचा परिणाम पाहिला आहे.

दुसरा प्रश्न प्रतिविषाचा. सापाच्या विषावर लस असते, तशी विंचवाच्या विषावरही आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ती लाल विंचवासाठी विकसित केली. ती प्राझोसिनला पर्याय आहे की जोड, हे तपासण्यासाठी महाडमध्येच एक चाचणी झाली आणि २०११ मध्ये ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ७० रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ३५-३५ चे दोन गट केले. एका गटाला नुसते प्राझोसिन दिले, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही दिले.

दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले. नुसते प्राझोसिन मिळालेल्यांना सरासरी १७.७ तास लागले. १० तासांच्या आत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८ होते आणि दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२.

याचा अर्थ नीट समजून घ्या. प्रतिविष जोडले तर रुग्ण लवकर बरा होतो, हे या चाचणीतून स्पष्ट दिसते. पण प्रतिविषाने जास्त जीव वाचतात का, हे ७० रुग्णांच्या चाचणीतून कळू शकत नाही. मृत्यूचे प्रमाण आधीच १ टक्क्याच्या आसपास असेल तर तेवढा फरक दिसायला कितीतरी जास्त रुग्ण लागतील. शिवाय ही चाचणी एका ठिकाणी झाली आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते. म्हणून यातून आपण घ्यायचे ते असे : प्रतिविष उपलब्ध असेल तर उत्तम. नसेल तर प्राझोसिन देणे थांबवायचे नाही, आणि प्रतिविषाच्या शोधात प्राझोसिनला उशीर करायचा नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठीची सर्पदंशाची लस विंचवाच्या विषावर चालत नाही. "दवाखान्यात सापाची लस आहे" म्हणजे विंचूदंशाची सोय आहे, असे समजू नका.

स्वस्त गोळीची अडचण

ज्या औषधाचे पेटंट केव्हाच संपले आहे आणि ज्याचा रुग्ण शेतमजूर आहे, त्या औषधाच्या मागे कोणी लागत नाही. प्राझोसिनचे तसेच आहे. त्याची मूळ ओळख रक्तदाबाचे औषध ही. पण २००० मध्ये रक्तदाबावरच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीतला एक भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. त्या भागातल्या रुग्णांना प्राझोसिनच्याच कुळातले डॉक्साझोसिन दिले जात होते आणि त्यांच्यात हार्ट फेल्युअरचे प्रमाण तुलनेच्या औषधापेक्षा जवळपास दुप्पट दिसले. त्यानंतर रक्तदाबासाठी पहिली पसंती म्हणून हे कूळ मागे पडले.

ते रक्तदाबाच्या बाबतीत योग्यच होते. वर्षानुवर्षे रोज गोळी घेणे वेगळे आणि विंचूदंशात काही तासांपुरते काही डोस घेणे वेगळे. पण औषधाच्या दुकानात हा फरक दिसत नाही. दुकानदार खपेल ते ठेवतो. आज प्राझोसिन मागितले तर अनेकदा हळूहळू विरघळणारी, दिवसभर पुरणारी गोळी पुढे येते. ती रक्तदाबाच्या रोजच्या रुग्णासाठी असते. विंचूदंशात लवकर काम करणारी साधी गोळी लागते. हळू विरघळणारी गोळी फोडून किंवा कुटून देऊ नये. तसे केल्याने औषध एकदम सुटून रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो.

म्हणून ज्या औषधाची किंमत काही रुपये आहे, ते नेमक्या रात्री, नेमक्या दवाखान्यात, नेमक्या स्वरूपात असेलच असे नाही. बाजार हे काम करणार नाही. ते सरकारी यंत्रणेलाच करावे लागेल, आणि यंत्रणा ज्याचा आराखडा असतो त्याचाच साठा ठेवते.

इथे धोरणातली एक विसंगती दिसते. महाराष्ट्र सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाबरोबर विंचूदंशही आहे. वहितीधारक शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला पात्र सदस्य विंचूदंशाने गेला तर वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात. म्हणजे विंचू हा शेतीतला धोका आहे हे सरकारला मान्य आहे. मग जी मान्यता मृत्यूनंतरच्या मदतीत आहे, तीच मृत्यू टाळण्याच्या योजनेतही हवी. सर्पदंशाची नोंद होणारच आहे. त्याच नोंदवहीत विंचूदंशाचा एक रकाना वाढवायला, सर्पदंशाच्या लसीबरोबर प्राझोसिनच्या साध्या गोळ्यांची पट्टी ठेवायला आणि त्याच प्रशिक्षणात एक तास विंचूदंशाला द्यायला फार खर्च येणार नाही.

घरच्यांनी काय ओळखायचे?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही : कळ किती आहे यावरून धोका ठरवू नका. कितीतरी रुग्ण कळवळून ओरडत असतात, पण त्यांना दुसरे काहीच होत नाही. उलट ज्यांच्या शरीरात विष पसरते आहे, त्यांना दंशाच्या जागी फारशी कळ नसूही शकते. "दुखत नाही म्हणतो, म्हणजे उतरला" हा समज जीवघेणा ठरू शकतो.

ही लक्षणे दिसली तर एक क्षणही थांबू नका :

– उलट्या होणे, तोंडाला खूप लाळ सुटणे
– अंगभर दरदरून घाम येणे
– हातपाय गार पडणे
– छाती धडधडणे, बेचैनी, मूल सारखे रडणे किंवा एकदम मलूल होणे
– मुलाचे लिंग ताठर होणे (हे विष पसरल्याचे ठळक चिन्ह आहे, संकोच न करता डॉक्टरांना सांगा)
– धाप लागणे, खोकला, तोंडातून फेस येणे

शेवटची लक्षणे म्हणजे फुफ्फुसांत पाणी भरू लागले आहे. तोवर वाट पाहू नका. उलटी, घाम आणि गार हातपाय हा पहिला इशारा आहे आणि गोळीचा सर्वांत जास्त उपयोग याच टप्प्यावर होतो. लहान मुलांना धोका जास्त असतो, कारण विष तेवढेच आणि शरीर लहान. मुलाला विंचू चावला असेल तर लक्षणे नसली तरी दवाखान्यात न्या आणि डॉक्टर सांगतील तेवढा वेळ देखरेखीखाली ठेवा.

मंत्राने विंचू उतरतो असे अनेकांना का वाटते, तेही समजून घ्या. बहुतेक दंश साधे असतात आणि त्यांची कळ काही तासांत आपोआप कमी होते. त्या काही तासांत जो कोणी समोर बसलेला असतो, त्याला श्रेय मिळते. ज्याच्या अंगात विष पसरले आहे, त्याचे मात्र हेच तास वाया जातात.

काय करावे, काय करू नये?

रुग्णाला झोपवा आणि धीर द्या. दंशाच्या जागी फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवला तर कळ कमी होते. करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, जखमेवर चुना किंवा रॉकेल लावू नका. विंचू पकडून आणायच्या नादात वेळ घालवू नका. उपचार लक्षणांवरून ठरतात, त्यासाठी विंचू पाहायची गरज नसते.

१०८ वर फोन करा, किंवा जी गाडी मिळेल तिने जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. मूर्तिजापुरातून अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय सुमारे ४० किलोमीटरवर आहे. पण पहिला डोस तिथे पोहोचल्यावरच मिळावा असे नाही. तो मूर्तिजापुरातच मिळाला तर पुढचा प्रवास कितीतरी सुरक्षित होतो. म्हणून "इथे काही होत नाही, सरळ अकोल्याला न्या" असे कोणी म्हटले तर शांतपणे विचारा : "डॉक्टर, निघण्याआधी प्राझोसिन देता येईल का?"

घरात आजोबांची रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची प्राझोसिनची गोळी असेल तरी ती स्वतःहून देऊ नका. डोस वजनावर ठरतो आणि गोळीचा प्रकारही वेगळा असू शकतो. पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. म्हणून गोळी दिल्यावर रुग्णाला झोपवूनच ठेवतात. मूल रडते म्हणून त्याला कडेवर घेऊन उभे राहू नका, पडूनच राहू द्या. सारखी उलटी होत असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालून औषध देतात.

रुग्ण आधीपासून रक्तदाबाची, हृदयाची किंवा लैंगिक क्षमतेची औषधे घेत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. बीटा रिसेप्टर बंद करणारी औषधे हृदयविकारात उपयोगी असली, तरी आल्फा मोकळे ठेवून नुसते बीटा बंद करणे विंचूदंशात धोक्याचे असते. फुफ्फुसांत पाणी झालेला किंवा रक्तदाब कोसळलेला रुग्ण असेल तर उपचार बदलतात. तेव्हा हृदयाला जोर देणारी, बीटा रिसेप्टर उघडणारी औषधेही द्यावी लागतात. त्यासाठी अतिदक्षता विभाग लागतो.

अजूनही काही ठिकाणी विंचू चावल्यावर ‘अॅव्हिल’ आणि ‘डेक्सा’ अशी दोन इंजेक्शने देऊन रुग्णाला घरी पाठवतात. ही दोन्ही औषधे अॅलर्जीसाठी आहेत, विंचवाच्या विषावरचा उतारा नाहीत. ती दिल्यावरही घाम, उलट्या किंवा गार हातपाय असतील तर घरी जाऊ नका.

गोळीचा डोस डॉक्टर ठरावीक तासांनी पुन्हा देतात. रुग्ण सुधारतो आहे की नाही, हे तुम्हालाही हात लावून कळते. हातपाय कोरडे आणि उबदार झाले की तो धोक्यातून बाहेर येऊ लागला असे समजतात. बावस्करांनी वापरलेली खूण हीच होती. बिछान्याशेजारी बसलेल्या आईलाही ती तपासता येते.

हंगामाआधी करायची तयारी

विंचू पऱ्हाट्यांच्या आणि तुराट्यांच्या ढिगात, सोयाबीनच्या गंजीखाली, कुटारात, गोठ्याच्या दगडी भिंतीत आणि कवेलूंच्या फटींत राहतो. चुलीसाठी पऱ्हाट्या ओढताना आणि गंजी उचलताना हात थेट आत घालू नका, आधी काठीने हलवा. बूट, चपला आणि अंथरूण झटकून घ्या. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. मुलांना जमिनीवर झोपवण्यापेक्षा खाटेवर झोपवा आणि खाट भिंतीपासून थोडी दूर ठेवा. सरपणाचा ढीग घराच्या भिंतीला लावून रचू नका.

याशिवाय एक काम प्रत्येक गावाने करण्यासारखे आहे. उन्हाळा संपायच्या आत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मूर्तिजापूरच्या सरकारी रुग्णालयात जाऊन हे चार प्रश्न विचारा :

– विंचूदंशासाठी प्राझोसिनची साधी गोळी इथे आहे का?
– तिची मुदत संपलेली नाही ना?
– रात्री ती कोणाच्या ताब्यात असते, कपाटाची किल्ली कोणाकडे असते?
– विंचूदंशाचे प्रतिविष जवळात जवळ कुठे मिळेल?

उत्तर "नाही" आले तर तो विषय ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत मांडा. या समितीकडे किरकोळ खरेदीसाठी निधी असतो आणि गोळ्यांच्या काही पट्ट्या घेणे त्यात सहज बसते. विचारताना भांडायची गरज नाही. बहुतेक वेळा वैद्यकीय अधिकाऱ्यालाही ते औषध हवेच असते, गावाची मागणी कागदावर आली की त्याचे काम सोपे होते.

आणि आज घरी एक काम करा. १०८ आणि जवळच्या रुग्णालयाचा फोन नंबर दाराजवळ, सर्वांना दिसेल असा लिहून ठेवा. त्याखाली चार शब्द लिहा : उलटी, घाम, गार हातपाय.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध, डोस आणि उपचार यांचा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.)